कॅप्टन आगाशेंचा अंगठा

"नारळ कुठं फोडू जी?"

खुशालराव झाडे हातात नारळ घेऊन आमच्या हेलिकॉप्टरला प्रदक्षिणा घालत होते. शेपटीपाशी थांबले, पोटाखाली वाकून पाहिलं, आणि शेवटी नाकासमोर येऊन त्यांनी हात उगारला.

"अहो! अहो, थांबा!" कॅप्टन आगाशे धावत सुटले. चार वर्षं मी त्यांच्याबरोबर काम करत होतो, पण त्यांना धावताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "काच आहे ती!"

"मंग फोडल्याबिगर कसं चालन? नवीन ट्रॅक्टर आणला तरी फोडतो आपण."

"ट्रॅक्टरला चाकापाशी फोडतात. याला चाकं नाहीत."

"तेच तर पाहून राहिलो ना मी," खुशालराव म्हणाले, आणि त्यांची नजर बादलीवर गेली.

या बादलीचं आधी सांगायला पाहिजे, कारण सगळं रामायण तिच्यापायी झालं. जाड नारिंगी कापडाची बादली, आठशे लिटरची. हेलिकॉप्टरच्या पोटाला दोरखंडानं लटकायची. तलावात बुडवायची, भरली की उचलायची, आगीवर नेऊन सोडायची. रिकामी असली की जमिनीवर अंग टाकून पडायची. तिच्यावर खुशालरावांनी जोरात नारळ हाणला. कापडच ते! नारळ टुणकन उडाला आणि बँडवाल्याच्या पायावर आपटला. त्यानं जी आरोळी ठोकली ती सुरात होती, एवढंच तिच्याबद्दल चांगलं बोलता येईल.

"फुटला?" मंडपातून कुणीतरी विचारलं.

"पाय की नारळ?" मी विचारलं. आगाशेंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप बसलो.

मी शशिकांत खराडे, मूळचा विट्याचा. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. नागपूरच्या एका खासगी कंपनीत मी हेलिकॉप्टरवर मेकॅनिक होतो. उडताना माझं काम म्हणजे दारात पालथं पडून राहायचं, कमरेला पट्टा बांधून, डोकं बाहेर काढून. कारण पायलटला स्वतःच्या पोटाखालचं काही दिसत नाही. बादली कुठं आहे, पाण्यापासून किती वर आहे, आग नेमकी खाली आली का, हे मी कानातल्या फोनवर ओरडून सांगायचं. "दहा फूट, पाच फूट, टेकली, बुडाली, भरली, उचला!" आणि आगीवर आलो की "तयार" आणि मग "टाका!"

"टाका" म्हटलं की आगाशे दांड्यावरचं बटण अंगठ्यानं दाबायचे आणि बादलीचं बूड उघडायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "खराडे, हा शब्द तू उच्चारलास की माझा अंगठा दाबणार. मध्ये माझा मेंदू येत नाही. म्हणून हा शब्द जपून वापर. थट्टेत नको, झोपेत नको."

आणि खरंच तसंच व्हायचं. मी शब्द काढला की पाणी पडलंच. ते उलट उत्तर कधी द्यायचे नाहीत, "ठीक" नाही की "हो" नाही. नुसतं करायचे. माणूस पुण्याचा, रुमालाला सुद्धा इस्त्री. नियमांची वही खिशात. वहीत नसेल तर शिंकणारही नाहीत, असं आम्ही मेकॅनिक लोक म्हणायचो.

तर पूर्व विदर्भातल्या त्या डोंगराला एप्रिलच्या शेवटी आग लागली होती. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून कुणीतरी झाडाखालचा पाचोळा पेटवला, आणि वारा सुटला. त्या भागात बादलीवालं हेलिकॉप्टर पहिल्यांदाच येत होतं. आता पहिल्यांदा येतंय म्हटल्यावर त्याचं उद्घाटन नको? खुशालराव स्वागत समितीचे अध्यक्ष. तलावाशेजारच्या मैदानात मंडप, कमान, बँड, दीडशे खुर्च्या. नागपूरहून एक साहेब येणार होते. ते हिरवा झेंडा दाखवणार आणि मग आम्ही आगीवर जाणार.

"म्हणजे झेंडा दाखवला की लगेच?" मी विचारलं.

"लगेच," खुशालराव म्हणाले. "आधी दीपप्रज्वलन. मंग सत्कार. मंग तुम्ही पाण्याचं प्रात्यक्षिक करा, तीन फेऱ्या. आम्ही तणसाची गंजी पेटवून ठेवतो मैदानात, थे इझवा. मंग साहेबाइचं भाषण. मंग झेंडा. लगेच."

"खुशालराव, आग तिकडं डोंगरावर आहे," आगाशे शांतपणे म्हणाले. "गंजी कशाला पेटवता?"

"तिकडली आग इथून दिसते का लोकाइले?"

दिसत नव्हती, पण धूर दिसत होता. डोंगराच्या मागून वर येऊन तो पार आभाळात पसरला होता. आणि आवाज ऐकू येत होता, तो वायरलेसवर. करुणा उसेंडी नावाची वनरक्षक मुलगी चार माणसं घेऊन वर डोंगरात झाडाच्या फांद्यांनी आग झोडपत होती. डोंगराच्या अलीकडच्या उतारावर चिंचटोला नावाची बावीस घरांची वस्ती, तिचीच. माणसं, शेळ्या, कोंबड्या तिनं सकाळीच नाल्यात नेऊन बसवल्या होत्या.

"दादा, हेलिकॉप्टर आलं ना?" तिनं विचारलं.

"आलं ताई."

"मंग या ना लवकर. आग माथ्यावर पोचली. दोन तासात खाली वस्तीत येते. आणि माझी माय घर सोडून नाही राहिली. अंगणात मोहफुलं वाळत घातली आहेत, थे टाकून येत नाही म्हणते."

"उचलून आणा तिला."

"दोघं जण गेले होते. एकाले तिनं झाडूनं मारलं."

मी आगाशेंकडे पाहिलं. त्यांनी खिशातून वही काढली. करारातलं कलम त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं: स्वागत समितीच्या प्रमुख पाहुण्यांनी हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय आगीकडे उड्डाण करू नये. कुणी घातलं होतं हे कलम, देव जाणे. खाली कंपनीची सही होती.

"सर, कलम गेलं खड्ड्यात."

"कलम खड्ड्यात जात नाही, खराडे. माणसं जातात." ते खुशालरावांकडे गेले, हात जोडले, प्रात्यक्षिक वगळा म्हणाले, झेंडा आधी दाखवा म्हणाले. मी आयुष्यात त्यांना कुणाला इतकं विनवताना पाहिलं नाही.

"साहेब रस्त्यात आहेत. आले का लगेच," खुशालराव म्हणाले.

साहेब तासाभरानं आले. मग दिवा लागेना, वाऱ्यानं विझायचा. सहाव्या काडीला लागला. मग सत्कार. समितीच्या बायकांनी बादलीला हळदकुंकू लावलं, तिच्या कडीला लिंबू-मिरची बांधली. एक काकू तर घरून नवी कोरी प्लास्टिकची बादली घेऊन आल्या होत्या. त्यांना वाटलं होतं पाणी मी वरून हातानं ओतणार. "घ्या, आमच्याकडून भेट," म्हणाल्या. मी घेतली. ती बादली अजून माझ्या न्हाणीघरात आहे.

करुणाचा आवाज पुन्हा आला. आता ती खोकत होती. "दादा, अर्धा डोंगर उतरली. फार तर पाऊण तास."

"माय?"

"बसलीच आहे."

आणि मंडपात निवेदक सांगत होता की आता साहेब आपल्या शेजारी विराजमान झालेल्या मान्यवरांचा परिचय करून घेतील. अकरा मान्यवर होते.

"प्रात्यक्षिक करा, प्रात्यक्षिक!" खुशालराव आमच्याकडे धावत आले. त्यांच्या हातात एक वायरलेसचा संच होता. "मी खालून सांगत जातो कसं कसं करायचं थे."

आम्ही उडालो.

तलावावर सगळं नेहमीसारखं झालं. मी ओरडलो, बादली बुडाली, भरली, उचलली. पाण्याबरोबर दोन-चार मासेही आत आले असणार, ते नेहमीच यायचे. आणि तिथून मैदानाकडे वळलो, तसा कानात खुशालरावांचा आवाज सुरू झाला. त्यांनी बोलायचं बटण दाबून धरलं होतं, ते सोडतच नव्हते. "हां, या या या. जरा डावीकडून घ्या जी, फोटोवाला उजवीकडं आहे. साहेबाइच्या मागं येऊ द्या हेलिकॉप्टर, फोटोत साहेब पुढं पायजेत. वरतं घ्या. नाही, खालतं. बँड, वाजवा!"

दारात पालथा पडून मी खाली पाहत होतो. डावीकडे डोंगर. त्याच्या उतारावर आगीची रेघ, आणि तिच्या खाली बोटभर अंतरावर ती बावीस छपरं. उजवीकडे मंडप, पताका, पेटवलेली गंजी. साहेब उघड्या स्टेजवर मधल्या खुर्चीत, हातात गुंडाळलेला हिरवा झेंडा.

तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. स्टेजच्या मागच्या बाजूला स्वागताची कापडी कमान होती, तिच्याखाली एकही माणूस नव्हता. बँडसुद्धा बाजूला सरकला होता. आठशे लिटर पाणी त्या कमानीवर गेलं तर कमान कोसळणार, आरडाओरडा होणार, कार्यक्रम फिसकटणार. कुणाला लागणार नाही, फार तर शिंतोडे उडतील. मग कसलं भाषण न् कसला सत्कार! झेंडा काय तो दाखवतील आणि आम्हाला घालवतील.

पण त्यासाठी मला तो शब्द खोटा वापरावा लागणार होता. जो माणूस डोळे मिटून माझ्या जिभेवर विश्वास ठेवत होता, त्याला फसवावं लागणार होतं.

आगाशेंनी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त उंची घेतली होती, जवळजवळ दुप्पट. आणि भरलेली बादली माणसांवरून न्यायची नाही हा त्यांचा पहिला नियम, तरी ते मंडपाच्या रोखानंच चालले होते. वाऱ्यामुळं असेल, असं मला वाटलं. शिवाय खुशालराव सांगत होते ना, साहेबांच्या मागून या म्हणून.

कमान आमच्या बरोबर खाली आली.

"तयार," मी म्हणालो. "टाका!"

काही झालं नाही.

एक सेकंद गेला. दुसरा गेला. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी समजलो, आज मध्ये मेंदू आला. आता हे वळून माझ्याकडे पाहणार, आणि माझी नोकरी इथंच संपली. आणि तेवढ्यात बादलीचं बूड उघडलं.

कमान मागे गेली होती. आता खाली स्टेज होतं.

पाणी उंचावरून आणि वेगात सोडलं की लोट न पडता मोठ्या सरी पडतात. तशा सरी स्टेजवर कोसळल्या. अकरा मान्यवर, निवेदक, समई, हार, शाली, सगळं न्हाऊन निघालं. मंडपाचं कापड पाण्यानं फुगलं आणि खुशालरावांच्या डोक्यावर मोकळं झालं. कानात एकदम शांतता झाली. त्यांच्या संचात पाणी गेलं असावं. मागच्या खुर्च्यांवरची पोरंटोरं आनंदानं नाचायला लागली. साहेब उठून उभे होते. मांडीवरून काहीतरी झटकत होते, मला तो मासा वाटला. आणि मग त्यांनी वर आमच्याकडे पाहिलं, आणि हातात जे होतं ते उगारून आमच्यावर जोरजोरात हलवायला लागले. शिव्या देत असणार. गुंडाळलेला झेंडा त्या हलवण्यात उलगडला आणि चांगला फडफडायला लागला.

"सर, चुकलो!" मी ओरडलो. "सर, माझी चूक झाली!"

हेलिकॉप्टर वळलं. थोड्या वेळानं कानात आगाशेंचा आवाज आला, एकदम कोरडा. "खराडे, हिरवा झेंडा हलला. तलावाकडे चाललोय. बादली बघ."

त्यानंतर आम्ही अकरा फेऱ्या मारल्या. तोंडानं फक्त फूट मोजत होतो आणि "टाका" म्हणत होतो, दुसरं काही नाही. पहिलं पाणी आगीच्या टोकावर पडलं तेव्हा ती शेवटच्या छपरापासून शंभर पावलांवर होती. तिसऱ्या फेरीला ती दबली. सहाव्या फेरीला करुणाची माणसं खालून पुढे सरकली. दोन गोठे गेले. एकवीस घरं जशीच्या तशी राहिली आणि बाविसाव्याचं नुसतं कुंपण जळलं.

आठव्या फेरीला एका अंगणात एक म्हातारी मला दिसली. हातात झाडू, तोंड वर, आणि जी काही बडबड करत होती ती पंख्याच्या आवाजात मला ऐकू आली नाही. वायरलेसवर करुणा एकाच वेळी हसत आणि रडत होती. "दादा, माय शिव्या देऊन राहिली तुम्हाले. मोहफुलं भिजवली म्हणते."

"तिला म्हणावं, पुन्हा वाळव," मी म्हणालो, आणि मलाही रडू आलं.

चौकशी नागपुरात झाली. मी आत जायच्या आधीच आगाशेंनी लिहून दिलं होतं: बटणात कचरा अडकून यांत्रिक बिघाड झाला; उड्डाणापूर्वी तपासणी करणं पायलट म्हणून माझी जबाबदारी होती; हिरवा झेंडा फडकताना स्पष्ट दिसल्यामुळे करारानुसार आगीकडे प्रयाण केलं. मला कुणी काही विचारलं नाही. मला नोकरीवर ठेवलं. आगाशेंना मात्र उड्डाणावरून काढून ऑफिसात बसवलं, नव्या पोरांना नियमांची वही शिकवायला. तीन वर्षांत ते निवृत्त झाले. पुन्हा कधी उडले नाहीत.

आणि मी तोंड उघडलं नाही. आज उघडू, उद्या उघडू. त्या दोन सेकंदांनी मला छळलं. त्या माणसाला संशय आला होता, मेंदूनं नको म्हटलं होतं, आणि तरीही अंगठ्यानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. त्याचं त्याला हे फळ. मी तर तेव्हा मोठ्या तोऱ्यात बाकी मेकॅनिकांना स्टेजची नक्कल करून दाखवायचो. रात्री मात्र तो कोरडा आवाज आठवायचा.

गेल्या दिवाळीच्या आधी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं कळलं. म्हटलं, आता नाही गेलो तर कधी जाणार? चितळ्यांचे नव्हे, आमच्या विट्याच्या हलवायाकडचे पेढे घेतले आणि पुण्याला गेलो.

आगाशे खुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर. रुमालाला इस्त्री होतीच. चहा झाला. मी पेढ्यांचा पुडा पुढे केला आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. कचरा वगैरे काही नव्हतं सर. मी मुद्दाम "टाका" म्हणालो. तुमचा विश्वास वापरला. मला कमानीवर टाकायचं होतं, तुम्ही दोन सेकंद थांबलात म्हणून स्टेजवर गेलं. तुमचं उडणं माझ्यामुळं बंद झालं. काय द्यायची ती शिक्षा द्या.

त्यांनी पुडा सोडून एक पेढा माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाले, "तू 'टाका' म्हणाला होतास?"

"म्हणजे? ऐकलं नाही तुम्ही?"

"कसं ऐकणार? तलावावरून वळलो आणि ते खुशालराव सुरू झाले. डावीकडून घ्या, उजवीकडून घ्या. मी कानावरचं गोल बटण फिरवून आवाज बंद करून टाकला. त्याच बटणावर तुझाही आवाज होता. तलावाकडे परत वळल्यावर मग चालू केलं."

मी पेढा हातात धरून तसाच बसलो.

"मग ते बटण... तो अंगठा..."

"माझाच. दुसऱ्या कुणाचा असणार?" ते जरा पुढे वाकले. "माणसं आडवी होऊ नयेत म्हणून उंची दुप्पट घेतली होती. तुला वाटलं नाही काही?"

"वारा असेल, वाटलं."

"चार वर्षं माझ्याबरोबर काढून वारा!" ते म्हणाले. "मी समजत होतो, तुला काही माहीत नाही. उगाच तुझी नोकरी जायला नको म्हणून कचऱ्याचं लिहिलं. एवढं एक खोटं लिहिलं आयुष्यात, त्याचा त्रास होतो मला अजून."

मला हसावं की रडावं कळेना. एकोणीस वर्षं मी ज्याला फसवलं म्हणून झुरत होतो, तो बाबा माझ्यापासून लपवून बसला होता! मी आधी हसलो. मग डोळे पुसले. त्यांनी इस्त्रीचा रुमाल पुढे केला. तोही मी चुरगाळून टाकला.

"पण सर," मी म्हणालो, "मी तरी कमान बघितली होती, रिकामी. तुमचा नेम चुकला आणि साहेबांवर गेलं."

कॅप्टन आगाशेंनी पुड्यातला एक पेढा निवडून घेतला.

"कमानीवर टाकून काय झालं असतं, खराडे? हिरवा झेंडा साहेबांच्या हातात होता," ते म्हणाले. "तो हलल्याशिवाय मला जाता येत नव्हतं."